दिवा मंद का झाला?
जुन्या गाडीच्या अल्टरनेटरची घरच्या घरी देखभाल



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात रात्र आणि दिवस सारखेच होतात. तोडीची चिठ्ठी केव्हा हाती पडेल, टोळी कोणत्या फडात उतरेल, ट्रॅक्टर काट्यावर किती वाजता लागेल, याचा नेम नसतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतातच; शिवाय मुकादमाला गाठायला, चिखलात रुतलेल्या ट्रॉलीला दोर न्यायला, नाहीतर घरातल्या कोणा आजारी माणसाला तालुक्याला न्यायला सभासद आपली जुनी गाडी काढून रात्री-अपरात्री बाहेर पडतात. अशा वेळी गाडीचे दिवे मंद पडत गेले, तर तो नुसता गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, तिला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ती ट्रॉली वेळेत दिसायला आपल्या गाडीच्या दिव्याखेरीज आपल्याजवळ दुसरे साधन नसते.

दिवे मंद झाले किंवा सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता 'टक्' आवाज आला, की पहिला आळ बॅटरीवर येतो. आपल्याच एका सभासदांनी एका हंगामात दोन बॅटऱ्या घेतल्या. दुकानदाराने पहिली बदलली, दुसरीही बदलून दिली, पण गाडीला मीटर काही लावला नाही. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने अल्टरनेटर खोलून पाहिला, तर आतले दोन कार्बन ब्रश झिजून पार बुडाशी गेलेले. बॅटरीच्या किमतीच्या मानाने ब्रशची जोडी म्हणजे किरकोळ खर्च.

जमिनीचे परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, असे आम्ही शेती खात्याची माणसे आपणांस नेहमी सांगतो. गाडीलाही तोच न्याय लावावा. आधी परीक्षण, मग खर्च. ते परीक्षण आणि अल्टरनेटरची साधी दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

येथे १२ व्होल्टच्या जुन्या गाडीचा विचार केला आहे. १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत असलेली मारुती ८००, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप अशा गाड्या अजूनही आपल्या वाड्या-वस्त्यांवर आहेत. प्रत्येकीत अल्टरनेटरची जागा आणि बांधणी थोडी वेगळी असते. पण तत्त्व एकच आणि झिजणारे भागही तेच. नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर गाडीच्या संगणकाचे नियंत्रण असते, त्यांच्या वाटेस घरी जाऊ नये.

अल्टरनेटर म्हणजे काय?

आपल्याकडे बहुतेक जण अल्टरनेटरलाही 'डायनामो'च म्हणतात. पूर्वीच्या अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि जीप गाड्यांत खरोखरच डायनामो असे. डायनामोत तयार झालेली सगळी वीज ब्रशमधून बाहेर येई, त्यामुळे ब्रश लवकर झिजत, आणि इंजिन सावकाश चालू असले की चार्जिंग जवळजवळ होतच नसे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे हळूहळू सगळ्या गाड्यांत तोच आला.

विहिरीवरच्या मोटारीला वीज दिली की ती फिरते. अल्टरनेटरचे काम याच्या उलट आहे. त्याला पट्ट्याने फिरवले की तो वीज देतो. त्याचे मुख्य भाग पाच.

मध्ये फिरणारा तो रोटर. त्यावर तांब्याच्या तारेचे एक गुंडाळे असून दोन्ही बाजूंनी लोखंडी नखे त्यावर वळलेली असतात. गुंडाळ्यात वीज सोडली की ती नखे लोहचुंबक बनतात. या गुंडाळ्याला साधारण २ ते ४ अँपियर एवढाच प्रवाह लागतो.

फिरत्या रोटरला वीज पोचवायची कशी? त्यासाठी रोटरच्या मागच्या टोकाला तांब्याच्या दोन कड्या असतात, त्यांना स्लिप रिंग म्हणतात. त्यांवर दोन कार्बन ब्रश स्प्रिंगने दाबून धरलेले असतात.

रोटरभोवती स्थिर बसलेले वाइंडिंग म्हणजे स्टेटर. त्याचे तीन भाग असतात, जशी आपली थ्री फेज मोटार. खरी वीज येथे तयार होते.

ही वीज ए.सी. असते आणि बॅटरीला लागते डी.सी. ते काम सहा डायोड करतात. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह समजा. एकाच दिशेने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. म्हणूनच गाडी उभी असताना बॅटरीतली वीज अल्टरनेटरमधून परत वाहून जात नाही.

पाचवा भाग रेग्युलेटर. कालव्याच्या दारावरचा पाटकरी जसा मागणी पाहून पाणी सोडतो, तसा हा रोटरला जाणारा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज बेतात ठेवतो.

काय झिजते आणि का?

या पाचांपैकी घासून झिजणाऱ्या गोष्टी दोनच. ब्रश आणि बेअरिंग. बाकीचे भाग झिजत नाहीत. ते उष्णतेने, पाण्याने, उलट जोडणीने किंवा चुकीच्या वेल्डिंगने जळतात. ब्रशसुद्धा अनेक वर्षे चालतात. पण आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक. ती ब्रशच्या घरात शिरली की ब्रश अडकतो, कडीवर नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात आणि कडी काळी होते. मग चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की चार्जिंगचा दिवा विझतो, सपाट रस्त्यावर पुन्हा लागतो. हे झिजलेल्या ब्रशचे एक ठळक लक्षण होय.

बेअरिंग बहुधा पट्ट्याच्या बाजूचे आधी जाते, कारण पट्ट्याचा ताण त्याच्यावर असतो. ज्याने पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला, त्याने बेअरिंगचे आयुष्य कमी केले असे समजावे.

आधी परीक्षण

साध्या डिजिटल मल्टिमीटरवर सगळे परीक्षण होते. पाने हातात घेण्यापूर्वी खालील क्रमाने तपासावे.

१) गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सेल्फ न मारता बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणे म्हणजे थकलेल्या बैलाला चढावर जुंपणे. तो तापतो आणि डायोड जळण्याची भीती असते.

२) बॅटरीचे टर्मिनल पाहावेत. पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाण्याने धुऊन, ब्रशने घासून, कोरडे करून, आवळून, वर थोडे व्हॅसलिन लावावे. बॅटरीची अर्थिंगची वायर बॉडीला आणि इंजिनला जेथे बसते तेथला गंज घासून काढावा. पुष्कळ गाड्यांचे दुखणे येथेच संपते.

३) पट्टा पाहावा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण १० ते १२ मिलीमीटर दबावा. त्याहून जास्त दबला तर ढिला; थंड गाडी सुरू करताना शिट्टीसारखा आवाज येतो तो याचाच. पट्ट्याला आडव्या चिरा असतील किंवा तो आतून काचेसारखा चकचकीत झाला असेल तर बदलावा. अनेक गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तुटला तर चार्जिंग बंद आणि इंजिनही तापते.

४) चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. कित्येक जुन्या गाड्यांत याच छोट्या दिव्यातून रोटरला पहिली वीज मिळते. हा दिवाच गेला असेल तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करीत नाही. दिवा लागत नाही म्हणून खूष होऊ नये.

५) आता इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी आणि बॅटरीवर मीटर लावावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. मग मोठे दिवे आणि पंखा लावावा, आकडा १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. सगळे बंद असतानाही आकडा १२.५ वर बसून असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीचे पाणी वारंवार कमी होणे आणि बल्ब सारखे उडणे ही त्याची खूण.

६) दिवे लावून इंजिन चालू असतानाच मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवावी. फरक पाव-अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर दोष वायरीत किंवा जोडात आहे, अल्टरनेटरमध्ये नाही. पाटाला भगदाड असेल तर विहिरीला दोष देऊन उपयोग नाही.

७) मीटर ए.सी. व्होल्टवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ए.सी. दिसला तर एखादा डायोड गेला असावा. आणखी एक साधी खूण आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावावा. तो कोमट लागला तर डायोडमधून रात्रभर वीज गळते आहे.

या सात पायऱ्यांना अर्धा तास पुरतो. बॅटरी भरलेली, पट्टा ताठ, वायरी स्वच्छ, दिवा लागतो, आणि तरीही चार्जिंग नाही किंवा तुटक होते, असे ठरले तरच अल्टरनेटर उतरवावा.

अल्टरनेटर उतरवणे

लागणारे सामान असे : पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, मीटर, बारीक काचपेपर, स्वच्छ सुती फडके, मऊ ब्रश, आणि सुटे भाग ठेवायला एक ताट. स्क्रू मातीत पडला की शोधण्यात दुपार जाते, म्हणून ताट विसरू नये.

सर्वांत आधी बॅटरीची मायनस, म्हणजे बॉडीची वायर काढावी. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि पाना हातात तापतो. जोडताना उलट, मायनस सर्वांत शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, सबब जवळ बिडी-सिगारेट पेटवू नये. अंगठी आणि हातातले कडे काढून ठेवावे.

अल्टरनेटरच्या मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढावा, किंवा प्रत्येकीला चिकटपट्टीची खूण करावी. नंतर वायरी सोडवाव्यात, ताणाच्या पट्टीवरचा बोल्ट ढिला करावा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकलून पट्टा काढावा आणि खालचा लांब बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर घ्यावा. बोल्टमधले वॉशर व बुश कोणत्या बाजूला होते हे लक्षात ठेवावे, नाहीतर पुल्या एका रेषेत येत नाहीत आणि पट्टा एका कडेने कातरला जातो.

एक महत्त्वाची सूचना. काही डिझेल जीप व पिकअप गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो व त्याला ऑइलच्या नळ्या असतात. ब्रेकला हलकेपणा येतो तो याच पंपामुळे. हा पंप नीट बसला नाही तर ब्रेक दगडासारखा कडक लागतो. असा अल्टरनेटर घरी खोलू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावा. अशा गाडीचा पट्टा वाटेत तुटला तर तेवढ्याच वेळी ब्रेकही जड होणार, हे चालकाने जाणून असावे.

ब्रश बदलणे

पुष्कळ अल्टरनेटरांत मागचे झाकण काढले की दोन-तीन स्क्रूंवर बसलेली ब्रशची पेटी दिसते. कित्येकांत रेग्युलेटर आणि ब्रश मिळून एकच भाग असतो. स्क्रू काढून पेटी सरळ बाहेर ओढावी. ब्रश पेटीबाहेर किती आला आहे ते पट्टीने मोजावे. ५ मिलीमीटरपेक्षा कमी उरला असेल तर दोन्ही ब्रश बदलावेत. एकच बदलू नये. ब्रश पुरेसा लांब असेल पण बोटाने दाबल्यावर अडकत असेल, तर तो घरातली धूळ काढून मोकळा करावा.

सुटे ब्रश सोल्डरिंग करून बसवावे लागतात. सोल्डर करताना ब्रशच्या लवचीक तारेत सोल्डर वर चढू देऊ नये; तार कडक झाली की ब्रश कडीवर दबत नाही. ज्यांना सोल्डरिंगचा सराव नाही त्यांनी पूर्ण पेटीच घ्यावी. दुकानात जाताना जुनी पेटी सोबत न्यावी, नुसते गाडीचे नाव सांगून आणू नये. एकाच गाडीत वेगवेगळ्या साली वेगवेगळ्या बनावटीचे अल्टरनेटर बसवलेले असतात.

पेटी काढलेली असतानाच स्लिप रिंग पाहाव्यात. काळ्या असतील तर पेट्रोलने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसाव्यात, तेही अंगणात आणि आगीपासून दूर. तरीही काळेपणा न गेल्यास बारीक काचपेपर हलक्या हाताने गोल फिरवावा. लोखंड घासायचा एमरी पेपर येथे वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात आणि नवे ब्रश खातात. कडीला खोल चर पडला असेल तर रोटर वाइंडिंगवाल्याकडे न्यावा.

त्याच वेळी मीटर ओहमवर ठेवून दोन तपासण्या कराव्यात. दोन कड्यांमध्ये साधारण अडीच ते साडेचार ओहम दिसले तर रोटरचे गुंडाळे शाबूत आहे. काहीच न दाखवल्यास तार तुटली आहे. दुसरी तपासणी, एक कडी आणि रोटरचा लोखंडी दांडा यांमध्ये. येथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवले तर गुंडाळे अर्थ झाले आहे.

नुसते ब्रशचे काम असेल तर येथेच ते संपते.

बेअरिंग बदलणे

पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर आवाज, अडकत फिरणे किंवा दांडा वर-खाली हलणे ही बेअरिंग गेल्याची लक्षणे. चालू गाडीत दळणाच्या जात्यासारखी घरघर येते आणि रेस वाढवली की ती वाढते.

हे काम ब्रशपेक्षा अवघड आहे. ज्यांनी मोटार-पंपाचे बेअरिंग स्वतः बदलले आहे त्यांना ते जमेल. बाकीच्यांनी अल्टरनेटर काढून मिस्त्रीकडे न्यावा. ब्रशची पेटी आधी काढून ठेवावी, नाहीतर ब्रश तुटतात. पुढच्या आणि मागच्या कवचावर मिळून एक खूण ओरखडून ठेवावी, म्हणजे जोडताना तीच जुळवता येते. पुलीचा नट सोडवताना रोटरची नखे शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये धरू नयेत. जुना पट्टा पुलीभोवती गुंडाळून तो शेगड्यात आवळावा, पुली पक्की धरली जाते. नंतर लांब बोल्ट काढून दोन्ही कवचे सोडवावीत. स्टेटर मागच्या कवचाबरोबर राहू द्यावा, त्याच्या तारा ओढू नयेत.

बेअरिंग पुलरनेच काढावे. त्याच्यावर आकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलीमीटर. तोच आकडा असलेले, दोन्ही बाजूंनी रबराने बंद केलेले चांगल्या बनावटीचे बेअरिंग घ्यावे. हा आकडा पंपाच्या आणि मोटारसायकलच्या दुकानातही ओळखतात.

बसवताना एक नियम पाळावा. दांड्यावर चढवताना दाब आतल्या कडीवर, कवचात बसवताना दाब बाहेरच्या कडीवर. उलट केले तर दाब गोळ्यांवरून जातो आणि नवे बेअरिंग बसण्यापूर्वीच खराब होते. योग्य मापाचा पाइपचा तुकडा घेऊन सावकाश ठोकावे, हातोडी सरळ बेअरिंगवर मारू नये.

अल्टरनेटर उघडलेलाच आहे तर आतली धूळ मऊ ब्रशने आणि हवेने काढावी. रोटर किंवा स्टेटर रॉकेलमध्ये, डिझेलमध्ये बुडवू नये. स्टेटरची तार काळी पडली असेल, जळका वास येत असेल, तर वाइंडिंगवाल्याकडे द्यावी. डायोड तपासायचे तर स्टेटरच्या तारा सोडवून, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पाहावे. एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ दिसावे, उलट दिशेने काही नाही. दोन्हीकडे दाखवल्यास किंवा दोन्हीकडे न दाखवल्यास डायोड गेला. डायोडची पूर्ण ताटली बदलून घेणे बरे.

काही अल्टरनेटरांत ब्रश आतूनच बसलेले असतात. मागच्या कवचाला एक बारीक छिद्र असते. ब्रश आत दाबून त्या छिद्रातून एक ताठ तार घालावी, कवचे जोडावीत आणि मग तार ओढून घ्यावी. ब्रश आपोआप कडीवर बसतात.

पुन्हा जोडणी

अल्टरनेटर जागेवर बसवून पट्टा चढवावा आणि ताण द्यावा. पहार घालून ताणायची वेळ आली तर ती पुढच्या कवचाला टेकवावी, मागच्याला नको. मागचे कवच पातळ असते, तडकते. वायरी फोटोप्रमाणे जोडाव्यात. सर्वांत शेवटी बॅटरीची मायनस. इंजिन सुरू करून पाचवी तपासणी पुन्हा करावी. नवा पट्टा चार-पाच दिवसांत थोडा लांबतो, म्हणून ताण एकदा परत पाहावा.

ही पथ्ये पाळावीत

पहिले पथ्य वेल्डिंगचे. हंगामात गाडीची साखळी, हुक, बंपर वेल्डिंगला जात असतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर आणि अल्टरनेटरच्या वायरी काढाव्यात. न काढल्यास वेल्डिंगचा प्रवाह भलत्या वाटेने जाऊन क्षणात डायोड जाळतो. ट्रॅक्टरलाही हेच लागू.

दुसरे, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' ते पाहण्याची जुनी सवय सोडावी. डायनामोच्या काळात ते खपून जाई. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड व रेग्युलेटर दोन्ही जातात.

तिसरे, दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून गाडी सुरू करताना प्लसला प्लस आणि मायनसला मायनस हे दोनदा पाहावे. अंधारात घाई करू नये.

चौथे, गाडी धुताना जोराचा फवारा अल्टरनेटरवर मारू नये.

पाचवे, इंजिन बंद करून दिवे आणि टेप चालू ठेवून बसू नये. घरापासून फडापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत आल्याने बॅटरी भरत नाही. दर सेल्फला जेवढी वीज गेली तेवढी भरायलाही थोडा प्रवास लागतो.

हिशोब काय सांगतो?

६० वॅटचे दोन मोठे दिवे १२ व्होल्टवर १० अँपियर घेतात. मागचे दिवे आणि किरकोळ धरून १२ अँपियर झाले. ६० अँपियर-तासांची भरलेली नवी बॅटरी कागदावर पाच तास पुरेल. जुनी, निम्मी भरलेली असेल तर दीड-दोन तासांत दिवे पिवळे पडतील. पेट्रोल गाडीचे इंजिनही याच विजेवर चालते, त्यामुळे ती वाटेत बंदच पडते. जुन्या पंपाची डिझेल गाडी मात्र विजेवाचून चालत राहते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि मंद दिव्यांनीच माणूस घर गाठायला पाहतो. धोका तेथे जास्त आहे. चार्जिंगचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर पंखा, टेप बंद करून, मोठे दिवे चालू ठेवून सर्वांत जवळच्या वस्तीवर थांबावे. दिवे मंद झाल्यावर पुढे जाऊ नये.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, खंडेनवमीला अवजारे पुजतो. यंदा त्याच्या आधीच्या आठवड्यात अर्धा तास काढून वरील सात तपासण्या कराव्यात, ब्रश मोजावेत, पट्टा पाहावा. ज्यांच्याजवळ मीटर नाही त्यांनी शेजाऱ्याचा आणावा. एका वस्तीला एक मीटर पुरेसा आहे. आणि गाडी तपासून झाली की तसेच उठून ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरही पुसून घ्यावा. आपला दिवा दुसऱ्याची ट्रॉली पाहण्यासाठी आहे, तसा आपल्या ट्रॉलीचा दिवा दुसऱ्याला वाचवण्यासाठी आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडण्यापूर्वी ही दोन कामे घरोघरी व्हावीत, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी